अमेरिकेच्या अध्यक्षीय प्रचारात आरोग्यधोरणाचे समाजमाध्यमांवर नेमके काय होते?

शरयू
नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते आणि यंदा निवडणूक प्रचाराच्या प्रकरणासाठी उदाहरण म्हणून अमेरिकेतील आरोग्यविम्याचा प्रश्न घेतला आहे. वाचताना एक गोष्ट खटकली. १० सप्टेंबर २०२४ रोजी फिलाडेल्फियात झालेल्या वादचर्चेत डोनाल्ड ट्रम्प यांना ओबामाकेअरच्या, म्हणजे ओबामांच्या काळातील आरोग्यविमा कायद्याच्या, जागी काय आणणार, असे विचारण्यात आले, तेव्हा आपल्याकडे योजनेच्या ‘संकल्पना’ आहेत, एवढेच उत्तर त्यांनी दिले. त्या उत्तराची चित्रफीत समाजमाध्यमांवर सगळीकडे फिरली, त्यावर विनोदांचा पाऊस पडला आणि नोव्हेंबरमध्ये ते निवडूनही आले. आता माझा प्रश्न असा की, समाजमाध्यमांमुळे मतदाराला उमेदवाराचे आरोग्यधोरण जास्त कळते, की फक्त उमेदवाराची फजिती कळते? आणि फजितीने काहीच बिघडत नसेल, तर उमेदवाराने धोरण सविस्तर मांडण्याच्या फंदात पडावेच कशाला?

बोरूबहाद्दर
शरयूताई, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. धोरणाचे कलम कागदावर आले की विरोधकाच्या हाती आयते कोलीत मिळते, आणि हा धडा अमेरिकी राजकारण्यांनी दोनदा, दोन्ही बाजूंनी गिरवलेला आहे.

पहिला प्रसंग २००९ चा. ओबामांच्या आरोग्यविधेयकाच्या प्रतिनिधिगृहातील मसुद्यात १२३३ क्रमांकाचे एक साधे कलम होते. वृद्ध रुग्णाने शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याविषयी स्वेच्छेने डॉक्टरांशी बोलायचे ठरवले, तर त्या भेटीचे शुल्क मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याने, पाच वर्षांतून एकदा द्यावे, इतकेच त्यात म्हटले होते. आदल्याच वर्षी उपाध्यक्षपदाची निवडणूक हरलेल्या रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी ७ ऑगस्ट २००९ रोजी फेसबुकवर लिहिले की, आपल्या आईवडिलांना किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला ओबामांच्या ‘डेथ पॅनेल’पुढे, म्हणजे कोण उपचारांस पात्र हे ठरवणाऱ्या मंडळापुढे, उभे राहावे लागेल. ना पत्रकार परिषद, ना मुलाखत. फक्त एक टिपण. त्याचा इतका बोभाटा झाला की ते कलमच वगळावे लागले. गंमत म्हणजे, १ जानेवारी २०१६ पासून नेमक्या अशाच भेटीचे पैसे मेडिकेअर देऊ लागले, पण या वेळी ते प्रशासकीय नियमाद्वारे झाले आणि फारसा गाजावाजा झाला नाही.

दुसरा प्रसंग २०१७ चा, आणि या वेळी पारडे उलटे होते. रिपब्लिकन पक्षाने २०१६ चा प्रचार ओबामाकेअर रद्द करण्याच्या वचनावर केला होता. परंतु प्रत्यक्ष विधेयक समोर आल्यावर मेडिकेडमधील, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यातील, कपात कोणाच्या वाट्याला येणार, हे लोकांना दिसू लागले. २२ जून २०१७ रोजी अपंग आंदोलकांना सिनेटमधील बहुमताचे नेते मिच मकॉनेल यांच्या कार्यालयाबाहेरून पोलीस उचलून नेत असल्याच्या चित्रफिती देशभर पाहिल्या गेल्या. २८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर रिपब्लिकन पक्षाचेच सिनेटर जॉन मकेन यांनी अंगठा खाली करून विरोधी मत दिले आणि विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडले. त्यानंतर काय झाले पाहा: २०१६ च्या पक्षाच्या जाहीरनाम्यात कायदा रद्द करण्याचे वचन होते, २०२४ च्या जाहीरनाम्यात ते नव्हते. म्हणून ‘संकल्पना’ हे उत्तर मला वेंधळेपणाचे वाटत नाही. ज्यावर बोट ठेवता येईल असे एकही कलम न देणे हे त्या उत्तराचे सामर्थ्य होते.

तळेगावकर
बोरूबहाद्दर यांचे दोन्ही दाखले बरोबर आहेत, पण सगळे खापर समाजमाध्यमांवर फोडणे मला पटत नाही. भीती दाखवून आरोग्यविधेयक पाडण्याची कला फेसबुकहून बरीच जुनी आहे.

१९६१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा रोनाल्ड रेगन या अभिनेत्याच्या आवाजात एक ध्वनिमुद्रिका काढण्यात आली. डॉक्टरांच्या पत्नींनी शेजारणींना कॉफीला बोलवायचे, ती तबकडी ऐकवायची आणि तिथेच बसून लोकप्रतिनिधींना पत्रे लिहायला लावायची, अशी ती पद्धत होती. पत्रे मात्र स्वयंस्फूर्त वाटली पाहिजेत, याची काळजी घेतली जात असे. ओळखीच्या माणसाने आग्रहाने ऐकवलेला संदेश, त्यावर गप्पा आणि लगेच पुढची कृती, हे वर्णन आजच्या कुठल्याही फॉरवर्डला लागू पडेल. तरीही ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअरचा कायदा झालाच, कारण १९६४ च्या निवडणुकीत अध्यक्ष जॉन्सन यांच्या पक्षाला अमेरिकी संसदेत घसघशीत बहुमत मिळाले होते. पुढे १९९३-९४ मध्ये क्लिंटन यांच्या योजनेविरुद्ध विमाकंपन्यांच्या संघटनेने स्वयंपाकघरातील टेबलाशी बसलेल्या हॅरी आणि लुईस या जोडप्याच्या दूरचित्रवाणी जाहिराती दाखवल्या, आणि ती योजना मतदानापर्यंतसुद्धा पोहोचली नाही.

दुसरे असे की, दिशाभूल केवळ विरोधकच करतात असे नाही. तुमची सध्याची विमायोजना आवडत असेल तर ती तशीच राहील, हे आश्वासन ओबामांनी जाहीर सभांतून वारंवार दिले होते. २०१३ च्या अखेरीस लक्षावधी लोकांच्या हाती जुनी पॉलिसी बंद होत असल्याची पत्रे पडली. शरयूताई, तासात हेही उदाहरण जरूर घ्या, नाहीतर विद्यार्थ्यांना चित्र एकांगी दिसेल.

डेलावेअरकाठ
मी पेनसिल्व्हेनियात राहतो, म्हणजे दर चार वर्षांनी ज्यांच्या टपालपेटीवर आणि फोनवर प्रचाराची धाड पडते अशांपैकी एक. वरची चर्चा कायद्याच्या अंगाने झाली. मतदाराच्या हाती काय येते, ते थोडे सांगतो.

२०२४ मध्ये आरोग्याविषयी मला सर्वाधिक वेळा दिसलेला मजकूर इन्सुलिनचा होता, कारण तो एका आकड्यात बसतो: दरमहा ३५ डॉलर. हा आकडा दोन्ही पक्षांनी आपला म्हणून मिरवला. ट्रम्प यांच्या काळात मेडिकेअरमधील काही विमायोजनांनी ऐच्छिक स्वरूपात ही मर्यादा स्वीकारली होती. बायडन यांच्या २०२२ च्या कायद्याने ती २०२३ पासून मेडिकेअरच्या सर्व लाभार्थ्यांना लागू केली. श्रेय लाटण्याच्या या चढाओढीत एक गोष्ट मात्र जवळजवळ कुणीच सांगत नव्हते. खासगी विमा असलेल्या तरुण मधुमेही व्यक्तीला हीच मर्यादा लागू करण्याची तरतूद ऑगस्ट २०२२ मध्ये सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ मते मिळूनही पडली, कारण तिला ६० मते हवी होती. हे एका चित्रात मावत नाही.

त्याहून मोठी बाब अनुदानाची. २०२१ च्या कायद्याने ओबामाकेअरच्या सरकारी विमाबाजारात स्वतः विमा घेणाऱ्यांचे अनुदान वाढवले, उत्पन्नाची वरची अट काढली आणि मानक योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर जाऊ नये, अशी व्यवस्था केली. ही वाढ २०२५ अखेर संपणार, हे २०२२ पासूनच कायद्यात लिहिलेले होते. साठीतले, मेडिकेअरचे वय न झालेले आणि स्वतःचे लहानसे दुकान चालवणारे जोडपे डोळ्यांपुढे आणा. त्यांच्यासाठी २०२४ च्या निवडणुकीतील आरोग्याचा खरा प्रश्न हाच होता. ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांच्या कार्यक्रमात हे अनुदान कायम करण्याचे वचन होते, पण माझ्या फोनवर त्याचा मागमूस नव्हता. वर्षभरात, १ ऑक्टोबर २०२५ पासून, याच मुद्द्यावरून संघ सरकारचे कामकाज ४३ दिवस बंद पडले, तेव्हा लोक विचारू लागले की हे अचानक कुठून उपटले.

आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांविषयीही एक वाक्य लिहितो. ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना उतरल्या दिवसापासून फुकट मेडिकेअर मिळते, असा मजकूर प्रचाराच्या दिवसांत आमच्या मराठी गटात फिरत होता. काहींना त्याचा राग होता आणि काहींना त्याची आशा होती. वास्तविक वय ६५ पूर्ण हवे, सलग पाच वर्षांचे वास्तव्य हवे, आणि स्वतःची किंवा जोडीदाराची पुरेशी नोकरी इथे झालेली नसेल तर मेडिकेअरच्या रुग्णालय-खर्चाच्या भागाचा पूर्ण हप्ता भरावा लागतो, जो २०२४ मध्ये दरमहा ५०५ डॉलर होता. मुलाने इथे वीस वर्षे कर भरला, हे त्यात धरले जात नाही. मी नियम गटात टाकला, त्यावर दोन अंगठे आले आणि तोच मजकूर आठवड्याने दुसऱ्या काकांनी पुन्हा पाठवला.

शरयू
सर्वांचे आभार. तळेगावकर, कॉफीच्या बैठकांचा दाखला मी नक्की वापरीन. एक शंका उरते. शेजारणीला तबकडी ऐकवली जात होती, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना एकच संदेश ऐकू येत असे आणि डॉक्टरांनाही ठाऊक असे की काय सांगितले जात आहे. आज मधुमेह असलेल्या मतदाराला एक जाहिरात आणि त्याच्या शेजाऱ्याला वेगळी, असे होत असेल, तर प्रतिवाद करणार कोण आणि कुठे?

बोरूबहाद्दर
रास्त शंका. फेसबुकवर पूर्वी आजारांशी निगडित आवडीनिवडी पाहून, उदाहरणार्थ जागतिक मधुमेह दिनाविषयीच्या मजकुरात रस घेणाऱ्यांना, जाहिरात दाखवण्याची सोय होती. ती जानेवारी २०२२ मध्ये काढण्यात आली. प्रचारयंत्रणेने स्वतःची मतदारयादी चढवून त्याच लोकांना गाठण्याची वाट मात्र खुली राहिली, आणि त्या याद्यांमध्ये वय, पक्षनोंदणी, राहण्याचे ठिकाण असे पुष्कळ काही असते. तळेगावकरांचे म्हणणे मी इतके मान्य करतो की भीती जुनीच आहे. पण तिचे एकाच घरात दोन वेगळे पाठ करून पोहोचवणे १९६१ मध्ये शक्य नव्हते.

तुमच्या विद्यार्थ्यांसाठी एक सुचवतो. मेटाच्या जाहिरात संग्रहात राजकीय जाहिराती सात वर्षे जपल्या जातात आणि तो कुणालाही पाहता येतो. ‘इन्सुलिन’ आणि ‘मेडिकेअर’ हे शब्द इंग्रजीत घालून ऑक्टोबर २०२४ मधील जाहिराती काढा. प्रत्येक जाहिरातीखाली खर्चाचा अंदाज आणि ती कोणत्या राज्यात, कोणत्या वयोगटाला दिसली, हे दिलेले असते. एका गटाला पेनसिल्व्हेनिया द्या, दुसऱ्याला फ्लोरिडा, आणि अनुदान संपणार असल्याचा उल्लेख किती जाहिरातींत सापडतो, तेवढे मोजायला सांगा. मोजणी झाली की इथे जरूर कळवा, डेलावेअरकाठ यांचा अनुभव तपासून पाहता येईल.