मदत हवी आहे : नाशिकच्या उन्हाळ्यात घरी वाइन कशी सांभाळावी?

माझ्याकडे ४० बाटल्या आहेत. बहुतेक रेड, काही ५-६ वर्षं ठेवायच्या. परवाना आहे. भाड्याचा फ्लॅट, त्यामुळे भिंत फोडता येत नाही. लाकडी कपाटात आडव्या ठेवल्या, पण मे महिन्यात आत ३४ अंश झाले आणि दोन बुचं वर सरकली. फार जीव लागलाय या बाटल्यांवर. साध्या फ्रीजमध्ये थंडी जास्त, बुचं सुकतात. घरात लहान मुलं आहेत, म्हणून कुलूप हवंच. बजेट ४० हजार.

थर्मोइलेक्ट्रिक (काँप्रेसर नसलेला) वाइन कूलर, म्हणजे बाटल्यांचा छोटा फ्रीज, कडक उन्हाळ्यात कमी पडतो, म्हणून काँप्रेसरवालाच घेणार. कुलूपवालं कोणतं मॉडेल १३-१४ अंश टिकवतं, आणि तीन तास वीज गेली तर ते घरच्या इन्व्हर्टरवर चालतं का?