तारखेला न बांधलेली आठवण

मुंबईवरील २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात शहीद झालेल्या पोलिसांची आठवण २६ नोव्हेंबरच्या हार-फुलांपुरतीच उरते, असे म्हटले जाते आणि ते बव्हंशी खरे आहे. मात्र तुकाराम ओंबळे यांच्याबाबत एक वेगळी नोंदही आहे. ठाणे-कल्याण परिसरात आढळलेल्या, उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला संशोधकांनी २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले, आणि शास्त्रीय नावे सहसा पुसली जात नाहीत. गिरगाव चौपाटीवर हातात केवळ लाठी असताना या सहायक उपनिरीक्षकांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या आणि म्हणूनच तो जिवंत हाती लागून पुढचा खटला उभा राहिला. जावळी तालुक्यातील केडंबे गावच्या या सुपुत्राला अशोकचक्र मिळाले, हे तर सर्वांना ठाऊकच आहे.