माणसाच्या देहात यंत्र बसवलेला राक्षस: शब्द कोणता?

विचारणा, रत्नागिरी
अर्धा देह माणसाचा, अर्धा यंत्राचा, असा राक्षस एका कल्पनाकथेत आहे. मसुद्यात त्याच्यासाठी 'सायबोर्ग', 'यंत्रमानव' आणि 'यंत्रासुर' हे तिन्ही शब्द आलटून पालटून आलेत. चालतील का? आणि 'सायबोर्गचा' की 'सायबोर्गाचा'?

हर्णै
'यंत्रमानव' आधी काढा. तो रोबोटसाठी रुळलाय. रोबोट हा शब्द १९२० च्या एका चेक नाटकातला, आणि चेकमध्ये 'रोबोता' म्हणजे वेठ. यंत्रमानव म्हटलं की वाचकापुढे पत्र्याचा वेठबिगार उभा राहतो, आत मांस नाही. (त्या नाटकातले रोबोट पत्र्याचे नव्हतेच, कृत्रिम मांसाचे होते. मराठीत मात्र शब्द पत्र्यासकट आला.)

'सायबोर्ग' १९६० चा. मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी अंतराळप्रवासावरच्या लेखात 'सायबरनेटिक' (नियंत्रणाच्या शास्त्राचं) आणि 'ऑर्गॅनिझम' (सजीव) यांची तोंडं जुळवून तो केला. त्यांच्या मनात राक्षस नव्हता. परक्या वातावरणात श्वास-रक्तदाबाची काळजी यंत्राने परस्पर घ्यावी आणि माणूस मोकळा राहावा, एवढंच होतं. सायबरनेटिकच्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. म्हणजे शब्दाच्या पोटातच प्रश्न आहे, सुकाणूवर कोण? 'सायबर गुन्हा'तला सायबरही तोच.

विभक्तीचं म्हणाल तर 'सायबोर्गचा'. जुना, मुरलेला परका शब्द सामान्यरूप घेतो (इंजिन, इंजिनाला), नवा घेत नाही (इंटरनेट, इंटरनेटला). उच्चाराला धरून 'सायबॉर्ग' लिहिलंत तरी चूक नाही, फक्त कथाभर एकच ठेवा.

वेंगुर्ला
'यंत्रासुर' कारखान्यांवर टीका करताना इतका वापरलाय की त्यातला देह गेला, धुराडं तेवढं उरलं. शिवाय आपल्याकडे '-असुर' ऐकलं की कोकणातल्या सोंगांतला संकासुर आठवतो: काळा वेश, उंच टोपी, पांढरी दाढी, आणि पोरं घाबरता घाबरता हसतात. राक्षस थोडा सोंगाडा हवा असेल तर उत्तम शब्द. निखळ भीती हवी असेल तर नको.

वेताळाकडे बघा. प्रेत माणसाचं, आत चालवणारा दुसराच. हर्णैकरांच्या प्रश्नाला हे सर्वांत जुनं उत्तर. पण त्यावरून 'यंत्रवेताळ' करू नका. आमच्याकडे आरवलीला वेतोबा देव आहे, लोक त्याला चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. इथला वाचक तो शब्द भीतीने वाचणारच नाही. त्यापेक्षा क्रियापद घ्या: 'अंगात येणे'. 'त्याच्या अंगात यंत्र आलं' या चार शब्दांत सुकाणू कोणाकडे गेला ते कळतं, आणि भगताला बोलवावं की फिटरला, हा घोळही आपोआप उभा राहतो.

देवगड
नाम हवं असेल तर 'कलमी'. कोयकलम कसं बांधतात ते आठवा. कोयीचं रोप दहा-पंधरा दिवसांचं, पाती अजून तांबूस. त्याचा शेंडा छाटून खोडाला मधोमध उभी चीर देतात. हापूसची दहा-पंधरा सेंटिमीटरची काडी खाली पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतात. खाली खुंट, वर काडी, आणि फळ काडीचं.

राक्षसाला हे शब्द जसेच्या तसे लागतात. देह खुंट, यंत्र काडी. कलम बिघडतं तेही त्याच दोन-तीन ठिकाणी. सालीला साल भिडली नाही तर काडी सुकते. पट्टी सैल राहिली की जोडात पाणी शिरतं आणि तो काळा पडतो. आणि लक्ष नसलं तर जोडाच्या खालून खुंटालाच फुटवे येतात आणि काडी उपाशी मरते. शेवटचं कथेला सोन्यासारखं आहे. यंत्राच्या खालून माणसाची जुनी आठवण वर येऊ लागली, तर 'खुंट फुटला' म्हणा.

विचारणा, रत्नागिरी
'कलमी' आवडला. पण राक्षस तीन प्रेतांचा आहे आणि छातीत होडीचं डिझेल इंजिन.

देवगड
मग कलम नव्हे, वाकळ. ठिगळाला ठिगळ. 'वाकळ्या' म्हणून बघा.

हर्णै
शब्द ठरेल, आधी इंजिन काढा. चालू इंजिनाचं थंड करणारं पाणीच ७०-८० अंशांवर असतं, धुराची नळी शेकडो अंशांवर. देह ३७ चा, ४२ ला मरणाच्या दारात. छाती तासाभरात शिजेल. इंजिन पाठीवर, मध्ये हवा खेळती ठेवून बसवा.

दुसरं, लोखंड. रक्तात मीठ सुमारे ०.९ टक्के, समुद्रात ३.५. बाहेर खारं, आतही खारंच. दोन वेगळे धातू खाऱ्यात एकमेकांना टेकले की त्यातला जास्त क्रियाशील आधी खाल्ला जातो. म्हणून होडीच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात, ते झिजतात आणि पंख्याचा दांडा वाचतो. राक्षसालाही असा ठोकळा द्या, वेळेवर बदलला नाही की काय होतं ते लिहायला मिळेल. हाडात टायटॅनियम घाला, हाड त्याला धरून वाढतं. तिथे 'बसवलं' लिहू नका, 'रुजलं' लिहा.

बिघाडाची क्रियापदंही वेगळी ठेवा. लोखंड गंजतं, मांस कुजतं, आणि जिथे धातू कातडीतून बाहेर येतो तिथे चिघळतं. बेअरिंग जाम होतं, गुडघा मात्र धरतो. मसुद्यात 'त्याचा गुडघा जाम झाला' असेल तर तो गुडघा लोखंडी आहे असा अर्थ होईल.

विचारणा, रत्नागिरी
शेवटी तो 'मेला' की 'बंद पडला'?

वेंगुर्ला
इंजिन बंद पडलं, वाकळ्या अजून बघतोय. 'मेला' लिहायची घाई कशाला?