विषय: भाचीला बीडीएसनंतर इकडे यायचंय

नमस्कार मंडळी,

भाची देवगडला असते. बीडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची, चार वर्षं झाली, इंटर्नशिपचे चार महिने उरलेत. तिला यूकेत यायचंय. भावोजी हापूसच्या बागेवर कर्ज काढायला निघालेत. एजंट म्हणतो, "आधी डेंटल थेरपिस्ट म्हणून नोंदणी करा, परीक्षेचं मागाहून बघू." हे खरं का?

– देवगडची मावशी

---

ताई,

एजंट जुनं पंचांग वाचतोय. ती वाट मार्च 2023 मध्येच बंद झाली. परदेशातल्या बीडीएसवर आता थेरपिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. मुख्य वाट राहिली ओआरई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डेंटिस्टांची इथली नोंदणी परीक्षा, दोन पार्टची.

पार्ट 1 म्हणजे दोन पेपर. अभ्यासू पोरगी असेल तर निघून जाईल. खरी गोम पार्ट 2 मध्ये. पुतळ्याच्या तोंडात प्लॅस्टिकच्या दाढा आणि वरचं सगळं काम आरशात बघून. मी पहिल्या खेपेला तिथेच आपटलो. वरच्या दाढेत कॅविटी करताना ड्रिलचा बर शेजारच्या दाढेला चाटून गेला, केसाएवढा ओरखडा. मालवणला असतो तर पॉलिश करून पेशंटला चूळ भरायला सांगितली असती!

तिथल्या दोन वर्षांत हात मात्र बसला. मिशरी लावणाऱ्या आज्यांचे काळे थर खरवडा, जूनमध्ये लाईट गेली की काँप्रेसर बंद, मग अर्धी दाढ उघडी ठेवून जनरेटरची वाट बघा. पण वाईट सवयीही तिथल्याच. आरसीटीला, म्हणजे रूट कॅनालला, कापसाचे बोळे लावायचो, रबर डॅमचा, म्हणजे दाताभोवती ताणायच्या रबरी पडद्याचा, डबा कपाटात तसाच. इथे त्या सवयी सोडवत सोडवत वर्ष गेलं. भाचीला म्हणावं, आत्तापासून प्रत्येक आरसीटीला डॅम लाव, हसू देत हसणाऱ्यांना.

इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत सरासरी 7 हवी, कुठल्याही भागात 6.5 च्या खाली नको. स्टेट डेंटल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी निर्धोक असल्याचा दाखला, फार आधी काढू नका, शिळं झालं की तुतारी एक्सप्रेसने पुन्हा मुंबईची वारी.

आणि कर्ज? परीक्षेला जागा कमी, उमेदवार फार, बुकिंग उघडलं की बघता बघता भरतं. सीट हातात येईपर्यंत बागेला हात लावू नका. पार्ट 1 देऊन परत गेली तरी चालतं, मधल्या काळात तिथेच प्रॅक्टिस करू दे. इथे भाडं भरत बसण्यापेक्षा ते बरं.

– मालवणकर, दातवाले

---

डॉक्टरभाऊ,

भावोजींना तुमचं मेल वाचून दाखवलं. एजंटाचं नाव निघताच गप्प झाले, कर्जाचं आंबे उतरल्यावर बघू म्हणाले. पोरगी रुसलीय, पण डॅमचं तिला पटलंय.

गणपतीत मालवणला येणार असाल तर ती दोन तास येऊन बसेल म्हणते. प्लॅस्टिकच्या दाढा तीच घेऊन येईल, आरसा तुमचा.

– मावशी