मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या स्थळाची मारहाणीची पार्श्वभूमी कशी तपासावी?

मनवा: लेस्टरला राहणाऱ्या मैत्रिणीचं लग्न ठरतंय. मुलगा मूळ नाशिकचा, घटस्फोटित, तीन वर्षांपासून तिकडेच. पहिल्या बायकोला मारायचा असं कानावर आलंय. नाव टाकून पाहता येईल अशी सरकारी यादी असते का? अर्ज मी केला तर चालेल?

तिरकस: इंग्लंडमध्ये उघडी यादी नाही. (अमेरिकेत टेनेसीने १ जानेवारी २०२६ पासून सुरू केलीय, तीही फक्त पुन्हा दोषी ठरलेल्यांची.) इंग्लंडमध्ये 'क्लेअर्स लॉ' आहे, २०१४ पासून: जोडीदाराने आधी कुणाला मारहाण केलीय का, हे पोलिसांना विचारायची सोय. स्थानिक पोलिसांच्या संकेतस्थळावर, १०१ (पोलिसांचा तातडी नसतानाचा नंबर) वर किंवा चौकीत जाऊन अर्ज करायचा. तू करू शकतेस, पण माहिती बहुधा थेट तिलाच देतील, म्हणून तिनेच केलेला बरा. पुढे ओळखपत्र घेऊन प्रत्यक्ष भेट होते. २०२३ पासून सगळं २८ दिवसांत उरकायचं बंधन आहे. सांगतात ते तोंडी. कागद मिळत नाही आणि गुप्ततेची सही घेतात. शिक्षा न झालेल्या जुन्या तक्रारीही सांगू शकतात. 'सांगण्यासारखं काही नाही' म्हणाले म्हणजे मुलगा चांगला, असं मात्र समजू नका. नाशिकचं प्रकरण त्यांच्या नोंदीत असेलच कशाला?

मनवा: मग नाशिक पोलिसांचा चारित्र्य दाखला मागवला तर?

जुनी फाईल: तो कोरा येऊ शकतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खालचा अर्ज थेट मॅजिस्ट्रेटकडे जातो, गुन्हा नोंदवावाच लागतो असं नाही. ई-कोर्ट्सच्या (भारतातल्या कोर्टांच्या खटल्यांची सरकारी) साइटवर राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल निवडून 'पार्टी नेम'मध्ये शोधा. लोक चुकतात ते इथे: नवऱ्याच्या जिल्ह्यात शोधत बसतात. बाई जिथे राहते तिथेही अर्ज करता येतो, त्यामुळे तिच्या माहेरचा जिल्हा आधी पाहा. फक्त आडनाव टाका, इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून. वर्ष एकेकच घेतं. 'पेंडिंग' (चालू) आणि 'डिस्पोज्ड' (निकाली) दोन्ही पाहायचे. ४९८अ चे (नवरा-सासरच्यांकडून छळाचं जुनं कलम) खटलेही असेच सापडतात. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना त्याऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं.

मनवा: माहेर जळगावचं आहे. 'डिस्पोज्ड'मध्ये एक दिसतंय!

जुनी फाईल: आधी वडिलांचं नाव जुळतंय का बघा, एका नावाचे दहा जण असतात. मग ऑर्डरची पीडीएफ उघडा. फेटाळलं, तडजोडीने मागे घेतलं की संरक्षण आदेश झाला, ते त्यातच कळेल. पीडीएफ चढवलेली नसेल तर केस नंबर घेऊन तिथल्या वकिलाकरवी नक्कल मागवा.