मदत हवी आहे: स्वीडनचे केशराचे बन दुसऱ्या दिवशी दगड होतायत

नमस्कार मंडळी, आधीच सांगते धागा लांबणार आहे, पण रविवारी परत करून बघायचेत आणि केशर काही झाडाला लागत नाही (म्हणजे लागतं, पण आमच्या नाशकात नाही), म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते.

झालंय असं की लेक नऊ वर्षांची आहे आणि आम्ही दोघींनी यावर्षी ठरवलं की विमानाचं तिकीट न काढता जग फिरायचं, म्हणजे ज्या देशाचा सण असेल त्या देशाचं भाजलेलं काहीतरी घरच्या ओटीजीत करायचं. ईस्टरला हॉट क्रॉस बन झाले, वरचा क्रॉस म्हणजे नुसती मैदा-पाण्याची पेस्ट असते हे कळल्यावर लेकीची घोर निराशा, तिला वाटलं होतं आयसिंग. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकोचा पान दे मुएर्तो केला, गेलेल्या माणसांसाठी करतात तो, वर पिठाचीच हाडं असतात आणि पिठात संत्र्याची किसलेली साल. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हे त्यांचं पितृपक्षातलं पान का गं?" म्हटलं आई, अगदी तसंच समजा. (स्पॅनिशमध्ये पान म्हणजे पाव, पण त्यांचं उत्तर जास्त बरोबर वाटलं मला.) त्यात अंडी होती त्यामुळे त्यांनी नुसतं बघितलं, खाल्लं नाही.

म्हणून डिसेंबरात बिनअंड्याचं काहीतरी शोधत होते. मोठ्या जाऊबाई गोथेनबर्गला असतात, त्यांनी सांगितलं लुसेकात्तर (हेच ते केशराचे बन) कर, पिठात अंडं लागतच नाही, वरून लावतात तेवढं दुधावर भागव. तिकडे 13 डिसेंबरला संत लुसियाचा दिवस असतो, पहाटेच्या अंधारात पांढरे झगे आणि कमरेला लाल पट्टा अशा मुली गाणी म्हणत येतात, पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट. जुन्या कॅलेंडरात हीच वर्षातली सगळ्यात मोठी रात्र धरायचे. आणि लुसिया बाई मूळच्या सिसिलीच्या, सूर्य भरपूर तिकडे, पण मान उत्तरेत! लेकीने लगेच शाळेच्या गॅदरिंगचा पांढरा फ्रॉक काढला, मेणबत्त्या दिवाळीच्या सेलवाल्या.

आता मुद्दा. मी घेतलं ते असं: अर्धा किलो मैदा, 250 मिली दूध, 90 ग्रॅम बटर, 100 ग्रॅम साखर, अर्धा ग्रॅम केशर, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर मीठ. जाऊबाईंच्या रेसिपीत क्वार्ग नावाचं काहीतरी 125 ग्रॅम होतं, ते इथे मिळेना म्हणून गाळलं. पीठ हाताला फार चिकटत होतं म्हणून दोन मुठी मैदा अजून घातला, मग छान पोळीच्या कणकेसारखं झालं. दीड तास फुगवलं, एस आकार वळले, दोन्ही टोकांच्या वेटोळ्यात एकेक बेदाणा, परत अर्धा तास, आणि 180 वर 25 मिनिटं.

बाहेर काढले तेव्हा काय सांगू, घरभर श्रीखंडाचा वास, रंग झेंडूचा. गरम खाल्ले तर बरे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक उचलून ताटलीत ठेवला तर टक् असा आवाज आला. आणि घास घेतला की तोठरा बसतो, चहाशिवाय गिळत नाही. शिवाय निम्मे एस भाजताना उलगडले, लेक म्हणे ही मांजरं नाहीत, ही तर गांडुळं. (कात्तर म्हणजे मांजरं.)

तर केशर कमी करू का? दूध वाढवू? क्वार्गऐवजी दही चालेल? ज्यांनी केलेत त्यांनी प्लीज सांगा, "ब्रेड इम्प्रूव्हर घाला" एवढं सोडून काहीही चालेल.

चक्काचूर:
ताई, क्वार्ग म्हणजे आपल्या चक्क्याचा चुलतभाऊ. श्रीखंडासाठी दही टांगतो ना, तेच, फक्त फार आंबट नको. तो गाळलात तिथेच निम्मी गडबड झाली, कारण त्यातलं पाणी आणि फॅट दोन्ही गेलं, आणि वर तुम्ही मैदा वाढवलात. गोडाच्या बनचं पीठ पोळीच्या कणकेसारखं झालं की समजायचं आता बिस्किटं होणार. चिकट राहू द्या, दहा-बारा मिनिटं मळा, ओट्यावर आपटत मळा हवं तर, आपोआप सुटायला लागतं. बटर शेवटी घाला, मऊ करून.

उत्तरध्रुवी:
स्टॉकहोममध्ये आठ वर्षं काढली आहेत म्हणून सांगते, खरा गुन्हेगार तुमचं 180 आणि 25 मिनिटं आहे. ते केकचं गणित आहे. हे बन छोटे असतात, इकडे 225 वर जेमतेम 8 मिनिटं भाजतात, वरून सोनेरी झाले की बाहेर, लगेच स्वच्छ फडक्याखाली झाकून ठेवायचे. तुम्ही त्यांना पंचवीस मिनिटं अक्षरशः वाळवलंत.

केशराने पीठ कोरडं पडतं असं इकडे सगळे मानतात आणि चक्का त्यासाठीच घालतात. पण कमी नका करू, अर्धा किलोला अर्धा ग्रॅम बरोबर आहे, इकडे पुड्याच अर्ध्या ग्रॅमच्या मिळतात आणि त्याही बऱ्याच दुकानांत काउंटरपाशी ठेवतात, चोरीला जातात म्हणून. काड्या तशाच टाकल्यात का? चमचाभर साखरेबरोबर खलात बारीक खला आणि कोमट दुधात अर्धा तास ठेवा.

अजून एक, हे बन दुसऱ्या दिवशी इकडेही कोरडेच होतात हो. म्हणून गार झाले की त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकतात आणि लागतील तसे गरम करतात. सोशल मीडियावरचे फोटो बघून नाराज होऊ नका.

चक्काचूर:
चक्का मिळाला नाही तर दुसरी आयडिया: त्यातलाच 25 ग्रॅम मैदा आणि 125 मिली दूध घेऊन मंद आचेवर ढवळत खळ करा, पतंगाला लावायचो तसली. गार करून पिठात. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो. मोदकाची उकड का मऊ राहते, तेच लॉजिक.

धागाकर्ती (रविवारी रात्री):
केले! चक्का 125 ग्रॅम घातला, जास्तीचा मैदा शून्य. मळताना दोनदा रडू आलं, परात हाताला चिकटून वर येत होती, पण बाराव्या मिनिटाला खरंच सुटलं. ओटीजी पंधरा मिनिटं आधी तापवला, दोन्ही रॉड चालू. पहिला ट्रे 225 वर सहाव्याच मिनिटाला खालून करपला, माझा ओटीजी छोटा आहे. दुसरा ट्रे एक खण वर आणि 210 वर, 9 मिनिटं, आणि तो एकदम झकास. उरलेले दहा फ्रीझरमध्ये, दोन मुद्दाम डब्यात ठेवलेत उद्या सकाळी टक् होतं का बघायला.

एस मात्र अजून उलगडतायत. सगळे नाही, तीन-चार. ह्याला काय करायचं?

उत्तरध्रुवी:
वात जरा लांब करा, वीतभर तरी, आणि टोकं उलट्या दिशांना गच्च गुंडाळा, एक वरून, एक खालून. आणि बेदाणा ठेवायचा नसतो, खुपसायचा असतो, पार तळापर्यंत. आधी पाण्यात भिजवा, नाहीतर करपून कडू होतो.

धागाकर्ती (सोमवारी सकाळी):
टक् झालं नाही. दाबला तर परत वर येतो. सासूबाईंनी तरी चहात बुडवूनच खाल्ला, म्हणाल्या नानकटाईपेक्षा बरा. बेदाणे भिजत घातलेत, लेक शाळेतून आली की खुपसायचं काम तिच्याकडे.