मदत हवी आहे: रिस्क ऑफ रेन २ मध्ये कोणते आयटम धरू, कोणते सोडू?

रातकिडा:

मंडळी, इथे रिस्क ऑफ रेन २ (आयटम गोळा करत स्टेजमागून स्टेज शत्रू मारत जायचं, मेलं की पहिल्यापासून, असा गेम) खेळणारं कुणी आहे का? मित्रांच्या ग्रुपमध्ये सगळे बीजीएमआयवाले, त्यांना यातलं काही विचारून उपयोग नाही.

मी कमांडो (सुरुवातीलाच मिळणारा बंदूकवाला) घेऊन रेनस्टॉर्मवर, म्हणजे मधल्या कठीणपणावर, खेळतो. पहिले तीन स्टेज आरामात जातात. चौथ्यात, म्हणजे अबिसल डेप्थ्स किंवा सायरन्स कॉलला पोचलो, की एल्डर लेमुरियन (आग ओकणारा मोठा सरड्यासारखा शत्रू) दोन फुंकरांत भाजून काढतो आणि माझ्या गोळ्या त्याला गुदगुल्या केल्यासारख्या लागतात. आयटम कमी नसतात हो. दिसेल ती पेटी उघडतो. कालच्या रनमध्ये, म्हणजे डावात, मरताना हे होतं:

क्रोबार ३, सिरिंज २, चष्मे २, टफर टाइम्स (अस्वल) ५, बसलिंग फंगस ३, ट्राय-टिप डॅगर १, मॉन्स्टर टूथ २, हिरव्यात (पांढऱ्या साध्या आयटमांच्या वरचा दर्जा) युकुलेली १ आणि हार्वेस्टर्स सायद १.

प्रश्न असे:
१. एकाच आयटमचा ढीग करावा की सगळं थोडं थोडं घ्यावं?
२. अस्वलं वाढवत नेली तर कधीतरी मार लागायचा पूर्ण थांबतो का? एकाने सांगितलं की सात अस्वलं झाली की अमर.
३. थ्रीडी प्रिंटर (आपला एक आयटम घेऊन त्याचा ठरलेला आयटम देणारं यंत्र) दिसला की मी टाळतो, कारण तो कुठला आयटम गिळेल याचा नेम नाही. बरोबर करतोय ना?

डीएलसी (वेगळे विकत घ्यायचे जादा भाग) घेतलेले नाहीत, साधा मूळ गेम आहे.

गणिताचा_तास:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुझ्या मित्राने तुला गंडवलंय. एका अस्वलाचे मार चुकण्याचे १५ टक्के लिहिलेले असतात, पण ते सरळ बेरजेने वाढत नाहीत. अस्वलांच्या संख्येला ०.१५ ने गुणायचं, आणि आलेल्या आकड्याला त्याच आकड्यात १ मिळवून भागायचं. म्हणून एकाला साधारण १३ टक्के, पाचला ४३, दहाला ६०, वीस झाली तरी ७५. शंभर कधीच नाही. पहिली चार-पाच छान, त्यापुढे प्रत्येक अस्वल कमी कमी देतं.

आता मुख्य मुद्दा. या गेममध्ये एकाच जातीच्या गोष्टींची आपसात बेरीज होते आणि वेगवेगळ्या जातींचा गुणाकार. सिरिंज हल्ल्याचा १५ टक्के वेग देते. पहिलीने १०० चे ११५ झाले, ही खरी १५ टक्के वाढ. सहावीने १७५ चे १९० होतात, म्हणजे साडेआठच्या आसपास. सिरिंज तीच, भाव उतरला. चष्म्यांचं तसंच. एक चष्मा १० टक्के क्रिटची शक्यता, क्रिट म्हणजे दुप्पट मार, आणि १ टक्का क्रिट प्रत्येकाला जन्मतःच असतो.

आठ जागा आहेत असं धर. आठही चष्मे घेतले तर मार १.८१ पट. आठही सिरिंज घेतल्या तर २.२ च्या वर. चार-चार घेतले तर १.६ गुणिले १.४१, म्हणजे २.२५ च्या पुढे. पाच सिरिंज, तीन चष्मे केलं तर २.२९. यात दोन गोष्टी दिसतात: चष्म्यांचा एकटा ढीग सगळ्यात वाईट, आणि नुसत्या सिरिंज अगदीच वाईट नाहीत. कमांडोसाठी तर सिरिंजला थोडं झुकतं माप द्यावं असं माझं मत, कारण गोळ्या जास्त सुटल्या की युकुलेलीसारख्या (ती अधूनमधून वीज पाडते) 'लागली तर लागली' गोष्टींनाही जास्त संधी मिळते. त्यात फोकस क्रिस्टल मिळाला तर अजून एक वेगळा गुणाकार, १३ मीटरच्या आतल्या शत्रूला २० टक्के जादा. पण एल्डर लेमुरियनच्या तोंडाशी जाऊन उभं राहायची हिंमत हवी.

मोनसूनची_राणी:

वरचं गणित बरोबर आहे, पण रातकिडा, तुझी यादी बघून मला वेगळंच दिसतं. तुझे अर्धे आयटम कमांडोचे नाहीतच.

तीन क्रोबार घे. क्रोबार फक्त ९० टक्क्यांहून जास्त जीव असलेल्या शत्रूवर चालतो. स्टोन गोलेमचा मूळ जीव ४८०. कमांडोची मूळ गोळी १२ ची, तीन क्रोबारांनी ती ३९ ची होते. दोन-तीन गोळ्यांत गोलेम ४३२ च्या खाली जातो आणि तिथून पुढे तिन्ही क्रोबार शोभेचे. ज्याचा एकेक फटका दणकट, त्या लोडरने (ठोसे मारणारं पात्र) क्रोबार घ्यावा.

बसलिंग फंगस तर जागेवर उभं राहिल्यावर बरं करतो. कमांडो उभा राहिला की मेला! तोच फंगस इंजिनियरला सोन्यासारखा, कारण त्याच्या टरेटना (आपोआप गोळ्या झाडणाऱ्या तोफा) त्याचे आयटम लागू होतात आणि साधे टरेट जागचे हलत नाहीत. म्हणून कुठलाही आयटम उचलताना आधी आपल्या माणसाचा हात बघायचा: बारीक गोळ्यांचा पाऊस पाडतो की सावकाश एकच ठोसा मारतो. डबल टॅपच्या (कमांडोचा साधा गोळीबार) प्रत्येक गोळीचा प्रॉक कोएफिशियंट, म्हणजे त्या फटक्याला आयटमचा परिणाम किती प्रमाणात लागतो तो आकडा, पूर्ण १ आहे. त्यामुळे लीचिंग सीड (फटका लागला की जीव देणारं), युकुलेली, एटीजी मिसाइल हे सगळं कमांडोला पुरेपूर लागू पडतं. एटीजी तर सोडूच नकोस. १० टक्के शक्यता, पण लागलं की त्या गोळीच्या ३०० टक्के मार. आणि त्या मिसाइलमुळे युकुलेलीही वाजू शकते.

तुझी सायद मात्र वाया चालली आहे. ती प्रत्येक क्रिटला ८ जीव देते. तुझं क्रिट किती? १ अधिक २० अधिक सायदचे स्वतःचे ५, म्हणजे २६ टक्के. चारात एक गोळी. अजून तीन-चार चष्मे असते तर त्या लेमुरियनसमोर उभ्या उभ्या भरून निघाला असतास. गणितात चष्मा सिरिंजपेक्षा कमी वाटतो, पण सायद हातात असली की चष्मा हा औषधाचाही आयटम होतो.

गणिताचा_तास:

सायदचा मुद्दा मान्य. फक्त हिशोब ठेव: सायद आणि प्रेडेटरी इन्स्टिंक्ट्स (हाही ५ टक्के क्रिट देतो) दोन्ही असतील तर नऊ चष्म्यांतच क्रिट १०१ टक्के होतं. दहावा कचरा.

घाटमाथा:

तिसऱ्या प्रश्नाचं कुणी बोलेना म्हणून मी. प्रिंटर टाळू नकोस भावा, त्याआधी स्क्रॅपर शोध. स्क्रॅपरमध्ये नको ते आयटम, एका प्रकारचे एका वेळी १० पर्यंत, मोडता येतात. मग प्रिंटर तुझे चांगले आयटम गिळण्याआधी तो भंगारच खातो. तुझे तीन क्रोबार, तीन फंगस मोडले असते तर सहा पांढरे भंगार. समोर सिरिंजचा प्रिंटर असता तर सहा सिरिंज!

रंग सांभाळ मात्र. पांढऱ्याच्या प्रिंटरला पांढरंच लागतं, हिरव्याला हिरवं. आणि यादीत गोट हूफ एकही नाही हे बघून धक्का बसला. १४ टक्के चाल मिळते. एल्डर लेमुरियनचा जाळ चुकवायला मी तरी अस्वलापेक्षा खूर घेईन. अस्वल नशिबावर, पळणं आपल्या हातात.

रातकिडा:

धन्यवाद सगळ्यांना. स्क्रॅपरला मी आजवर सजावट समजत होतो. अजून एक: शेप्ड ग्लास घेऊ का? मार दुप्पट म्हणतात.

मोनसूनची_राणी:

मार दुप्पट आणि जीव अर्धा. वर अजून एक गोष्ट जाते. एरवी एका फटक्यात ९० टक्क्यांहून जास्त जीव जात नाही, गेमची तेवढी मेहेरबानी असते. शेप्ड ग्लासने ती मेहेरबानी संपते. चौथा स्टेज पार होईपर्यंत हात लावू नकोस.

घाटमाथा:

आणि पुढे चंद्रावर मिथ्रिक्सपर्यंत, म्हणजे शेवटच्या बॉसपर्यंत, गेलास तर चौथ्या टप्प्यात तो तुझे आयटमच काढून घेतो. मारत गेलास की परत येतात. पण सगळा जीव आयटमच्याच भरवशावर असेल तर तेव्हा तुझ्याकडे नुसता कमांडो उरतो, म्हणून रोल मारायची (लोळून फटका चुकवायची) सवय आत्तापासून कर. पुढच्या रनची यादी इथेच टाक, चौथ्या स्टेजला शिरायच्या आधीची.